पेठेतला रस्ता आणि महापालिकेच्या समित्या

पुणे महानगरपालिकेत रस्ता, पदपथ, बांधकामाची रेषा आणि रहदारीची सुरक्षितता यांविषयीचे निर्णय मुख्यतः तीन समित्यांमधून जातात: स्थायी समिती, शहर सुधारणा समिती आणि प्रभाग समिती. तिघींचाही आधार एकच, आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जाणारा १९४९ चा कायदा. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची नगरपालिका महानगरपालिका झाली ती याच कायद्याखाली. सार्वजनिक रस्ते बांधणे, त्यांची देखभाल करणे, त्यांवर दिवे लावणे आणि त्यांतील अडथळे दूर करणे ही या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत. ती पार पाडायची की नाही, हा प्रश्न कोणत्याही समितीपुढे नसतो. कशी, कधी आणि किती पैशांत पार पाडायची, एवढेच ठरवायचे असते.

सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेल्या सदाशिव पेठेत या तिन्ही समित्यांचे काम एकाच गल्लीत एकमेकांवर येऊन पडते. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, बाजीराव रस्ता आणि टिळक रस्ता या पेठेतून किंवा तिच्या कडेने जातात. मधल्या गल्ल्या चालणाऱ्यांच्या आणि पालख्यांच्या काळातल्या मापाच्या आहेत. भावे हायस्कूल, नूतन मराठी विद्यालय, ज्ञान प्रबोधिनी, भरत नाट्य मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ अशा संस्थांमुळे सकाळपासून रात्रीपर्यंत इथे पायी वर्दळ असते. शाळेची मुले, ज्येष्ठ नागरिक, खरेदीला आलेली कुटुंबे आणि अभ्यासिकांमधले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी हे इथले मुख्य पादचारी. पेठेतल्याच विश्रामबागवाड्यातून नगरपालिकेचा कारभार बरीच वर्षे चालला. नागरी कारभाराशी या भागाचे नाते त्यामुळे जुने आहे.

कायद्याने महापालिकेत दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभासदांचा आणि अंमलबजावणीचा अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांचा. सर्व सभासदांची मिळून जी सभा होते तिला पुण्यात मुख्य सभा म्हणतात आणि तिचे अध्यक्षस्थान महापौरांकडे असते. मुख्य सभेपुढे येणाऱ्या विषयांची संख्या मोठी असते, त्यामुळे छाननीचे खरे काम समित्यांत होते. विषय समितीकडून शिफारशीसह आला की मुख्य सभेत तो बहुधा थोडक्यात मंजूर होतो. तिथे अडलाच तर तहकूब होतो किंवा दफ्तरी दाखल केला जातो. ज्याला एखाद्या रस्त्याचा निर्णय कसा झाला हे समजून घ्यायचे असेल, त्याने मुख्य सभेतल्या भाषणांपेक्षा समितीचे विषयपत्र आणि त्यावरचा आयुक्तांचा अभिप्राय वाचावा. ही कागदपत्रे नगरसचिव कार्यालयात असतात.

स्थायी समितीत १६ सभासद असतात. पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात त्यांची निवड होते, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात आणि अध्यक्षाची निवडही दरवर्षी होते. तिजोरीची किल्ली या समितीकडे आहे. आयुक्तांनी तयार केलेले अंदाजपत्रक आधी तिच्यापुढे येते, ती त्यात बदल करते आणि मग ते मुख्य सभेकडे जाते. ठरावीक रकमेवरच्या निविदा तिच्या मान्यतेशिवाय पुढे सरकत नाहीत. रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम कोणाला, किती दराने आणि किती वर्षांच्या देखभालीच्या हमीवर द्यायचे, हे शेवटी इथेच ठरते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

हमीचे महत्त्व पुण्याने एकदा स्वतः सिद्ध केलेले आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाने शहरातल्या रस्त्यांची चाळण झाली होती. त्या वेळी स्थायी समितीचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे होते. मुंबईचे रस्ते पावसात का टिकतात याची त्यांनी चौकशी केली आणि तिथे काम करणाऱ्या रेकॉन्डो या कंपनीला जंगली महाराज रस्त्याचे काम दिले. कंपनीने दहा वर्षांची हमी दिली. १९७६ मध्ये पूर्ण झालेला तो रस्ता हमीची मुदत संपल्यानंतरही अनेक वर्षे खड्ड्यांविना राहिला आणि त्याचे नाव आजही पुणेकर घेतात. नवा कायदा केला नव्हता, नवे खाते उघडले नव्हते. समितीच्या अध्यक्षाने आपल्या अधिकारातला एकच प्रश्न नीट विचारला होता: हा रस्ता किती वर्षे टिकेल, आणि न टिकल्यास खर्च कोणाचा? स्थायी समितीच्या अधिकाराचा एवढा चांगला वापर पुण्यात क्वचितच झाला आहे, आणि तो पुन्हा करण्यास आजही कायद्याची आडकाठी नाही.

अंदाजपत्रकातला एक प्रकार मात्र रस्त्यांचे नुकसान करत आला आहे. प्रभागातल्या किरकोळ कामांसाठी सभासदांच्या मागणीप्रमाणे ज्या तरतुदी होतात, त्यांना महापालिकेच्या बोलीत ‘स’ यादी म्हणतात. एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवण्याला वर्गीकरण म्हणतात. दोन्ही गोष्टी कायदेशीर आहेत आणि तातडीच्या कामाला उपयोगीही पडतात. पण चौकातल्या सिग्नलसाठी किंवा पदपथासाठी ठेवलेली रक्कम कमानीकडे, नामफलकांकडे किंवा बाकांकडे वळली, तर धोक्याची जागा तशीच राहते. चांगल्या स्थितीतला पदपथ उखडून नव्या फरश्या बसवणे आणि शेजारच्या शाळेसमोर झेब्रा पट्टे पुसट राहणे, हे एकाच अंदाजपत्रकात घडू शकते.

शहर सुधारणा समितीचे स्वरूप वेगळे आहे. कायद्याच्या कलम ३० प्रमाणे महापालिका विशेष समित्या नेमू शकते. पुण्यात शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण आणि क्रीडा अशा समित्या त्या तरतुदीखाली काम करतात. जमिनीचा वापर, आरक्षणे आणि रस्त्यांच्या रेषा हे विषय शहर सुधारणा समितीकडे येतात. विकास आराखड्यातले एखादे आरक्षण बदलायचे असेल, तर १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा प्रस्ताव आधी तिच्यापुढे मांडला जातो. मग मुख्य सभेचा ठराव, जाहीर सूचना, हरकती मांडण्यासाठी एक महिन्याची मुदत, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी असा तो प्रवास असतो. नागरिकांनी कागदावर म्हणणे मांडण्याची हक्काची जागा म्हणजे तो एक महिना.

पेठांच्या दृष्टीने महानगरपालिका अधिनियमाचे कलम २१० अधिक जवळचे आहे. या कलमाखाली रस्त्याची नियमित रेषा आखता येते. रेषा आखली म्हणून त्या दिवशी कोणाचे घर पाडले जात नाही. जुना वाडा उतरवून नवी इमारत बांधताना मालकाला ती रेषेच्या मागे घ्यावी लागते आणि सोडलेल्या जागेच्या बदल्यात बांधकाम क्षेत्राच्या रूपात किंवा अन्य मोबदला मिळतो. कागदावर ही पद्धत न्याय्य दिसते. प्रत्यक्षात रस्ता सलग रुंद होत नाही. एक इमारत मागे जाते, शेजारचा वाडा भाडेकरू आणि मालक यांच्या वादामुळे तीस वर्षे जागचा हलत नाही, त्याच्या पुढची इमारत पुन्हा मागे असते. रस्त्याची कड अशी दातेरी होते. मोकळ्या झालेल्या खाचांमध्ये दुचाकी आणि मोटारी लागतात आणि चालणाऱ्याला दर वाड्याशी रहदारीत उतरावे लागते. रेषा आखणाऱ्या ठरावातच मोकळ्या झालेल्या जागेवर पदपथ करण्याचा आणि तिथे वाहने न लावू देण्याचा उल्लेख असला, तर हा दोष बराच कमी होईल.

२०२० मध्ये शहरातले सहा मीटर रुंदीचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे आला तेव्हा मोठा वाद झाला. नऊ मीटर रस्त्यावरच्या इमारतीला जास्त बांधकाम हक्क वापरता येतात, हे त्यामागचे कारण होते. ठरावीक रस्तेच का निवडले, हा आक्षेप त्यावर होता. पेठांमध्ये रुंदीकरणाचा हेतू पुष्कळदा बांधकामाशी जोडलेला असतो, रहदारीशी नव्हे. रुंद झालेला रस्ता आपोआप सुरक्षित होत नाही. वेग वाढला तर तो पूर्वीपेक्षा धोकादायकही होतो.

मोठ्या नियोजनात समित्या अपुऱ्या पडल्याचे उदाहरणही पुण्याचेच आहे. १९८७ च्या विकास आराखड्यानंतर जुन्या हद्दीसाठी २००७ ते २०२७ या काळाचा आराखडा तयार होऊ लागला. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले आणि हजारो हरकती आल्या. अशा हरकती ऐकण्यासाठी नगररचना कायद्यात नियोजन समितीची तरतूद आहे, तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि सरकारच्या नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. सुनावण्या झाल्या, पण महापालिकेत मुदतीत निर्णय झाला नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा आपल्या हाती घेऊन तत्कालीन विभागीय आयुक्त एस. चोक्कलिंगम यांच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. वीस वर्षांचा आराखडा हाती पडला तेव्हा त्यातली निम्मी वर्षे सरून गेली होती.

तिसरी प्रभाग समिती. तिचा जन्म १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतला. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या असाव्यात, असे राज्यघटनेचे अनुच्छेद २४३-एस सांगते. महाराष्ट्राने ती तरतूद अधिनियमात कलम २९-अ म्हणून घातली. त्या क्षेत्रातले सभासद, क्षेत्रीय अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांमधून घेतलेले जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी मिळून ही समिती होते. सदाशिव पेठ येते ती कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाकडे. महिन्यातून किमान एक सभा, नागरी सेवांच्या तक्रारींची तड, क्षेत्राच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस, आणि अंदाजपत्रकात तरतूद असलेल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मान्यता, असे तिचे अधिकार आहेत.

५ लाख ही रक्कम लहान वाटते आणि इतक्या वर्षांच्या महागाईत ती खरोखरच आकसली आहे. तरीही पेठेतल्या रस्त्यावर जीव वाचवणारी बहुतेक कामे या मर्यादेत बसतात. शाळेच्या फाटकासमोरचा ओलांडण्याचा पट्टा, पदपथाच्या तोंडाशी लोखंडी खुंट, वळणावरचा बंद दिवा, तुटलेले झाकण, कोपऱ्यावर दृष्टी अडवणारा फलक हलवणे, गतिरोधकाची दुरुस्ती, ही सगळी या मापाची कामे. म्हणूनच सुरक्षिततेचा विचार करता तिन्ही समित्यांत सर्वांत लहान असलेली ही समिती सर्वांत उपयोगी ठरू शकते. तसे घडत नाही याला कारणे आहेत. सभांची माहिती नागरिकांपर्यंत पोचत नाही. स्वयंसेवी संस्थांच्या जागांवर पक्षांच्या कार्यकर्त्यांची वर्णी लागते, ही तक्रार जुनी आहे. एका प्रभागातून चार सभासद निवडून येत असल्याने चौकाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मतदारालाही सांगता येत नाही.

काम लहान असले तरी ते मापाने करावे लागते, आणि इथे समितीच्या सभासदांना तांत्रिक माहिती असणे आवश्यक आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी. त्यावरून वाहन ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने विनाधक्का जाते आणि त्याहून वेगात गेल्यास चालकाला हादरा बसतो. गल्लीत एका रात्रीत उभा राहणारा अरुंद, उंच उंचवटा या मापात बसत नाही, तो दुचाकीस्वाराला पाडतो आणि पाठीच्या दुखण्याच्या माणसाला रिक्षात बसू देत नाही. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेच्या दगडाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, असेही मानक आहे. पदपथ उंच झाला की ज्येष्ठ माणूस त्यावर चढत नाही, रस्त्यानेच चालतो. महापालिकेने स्वतः २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत, तेव्हा नवे धोरण शोधण्याची गरज नाही.

रस्त्यावरचे अर्धे अधिकार या समित्यांच्या बाहेर आहेत. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकमेकांच्या उलट दिशांनी एकेरी आहेत, लक्ष्मी रस्ताही एकेरी आहे. असे निर्णय महापालिका घेत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ आणि ११७ खाली वाहतूक पोलिसांचे उपायुक्त तसे आदेश काढतात. एका तारखेला रस्त्याच्या या बाजूला आणि दुसऱ्या तारखेला त्या बाजूला वाहन लावण्याची पी-१, पी-२ पद्धत पोलिसांच्या आदेशाने ठरते, फलक आणि पट्टे मात्र महापालिका लावते. बसथांबा कुठे असावा, हा प्रश्न पूर्वी महापालिकेच्या परिवहन समितीपुढे येत असे. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल ही कंपनी झाली आणि तो विषय कंपनीकडे गेला. पथारी व्यावसायिकांच्या जागा २०१४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समिती सुचवते. आयुक्त तिचे अध्यक्ष असतात आणि किमान ४० टक्के सदस्य व्यावसायिकांनी निवडून दिलेले असतात. वारसा वास्तूजवळच्या कामाला वारसा जतन समिती, झाड आड आल्यास १९७५ च्या कायद्याखालचे वृक्ष प्राधिकरण, आणि अपघातांचा आढावा घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती.

या सगळ्यांत फक्त रस्ता सुरक्षेसाठी असलेली समिती एकच, जिल्ह्याची. तिचा पल्ला महामार्ग आणि घाटांपासून तालुक्याच्या रस्त्यांपर्यंत पसरलेला असतो. पेठेतली गल्ली तिच्या विषयपत्रिकेवर येण्यासाठी तिथे मोठा अपघात व्हावा लागतो.

तसा अपघात ३१ मे २०२५ रोजी सदाशिव पेठेत झाला. संध्याकाळच्या वेळी भावे हायस्कूलजवळ चहाच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या लोकांवर एक मोटार गेली आणि १२ जण जखमी झाले. त्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी होते. चालकावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. हे पोलिसांचे काम होते आणि ते झाले. पण अशा घटनेनंतर महापालिकेच्या समितीने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. गर्दीच्या वेळी त्या गल्लीत मोटारींना प्रवेश असावा का? शेकडो विद्यार्थी रोज जिथे उभे राहतात तिथे पदपथ किती रुंद आहे? वाहनाचा वेग कमी करणारी कोणती रचना तिथे होती?

हे प्रश्न सभेत विचारायला त्या वेळी कोणी नव्हते. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि निवडणूक लांबल्याने प्रशासकाची नेमणूक झाली होती. मुख्य सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तच वापरत होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच असला की काम वेगाने होऊ शकते, पण उलटतपासणी थांबते. जवळजवळ चार वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

जखमींमधल्या विद्यार्थ्यांसारखे हजारो तरुण पेठांतल्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात, खानावळीत जेवतात. बहुतेकांची नावे गावच्या मतदारयादीत असतात. प्रभागातल्या सभासदांवर त्यांच्या मताचा दबाव नसतो. शाळकरी मुलांचेही तसेच. पेठेतल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचा मोठा वर्ग इथला मतदार नाही. समित्यांच्या कामकाजात पादचाऱ्याचा विषय मागे पडतो त्याचे हे एक मूळ कारण आहे. कलम २९-अ मधल्या तीन नामनिर्देशित जागांचा खरा उपयोग इथे आहे: शाळा, अभ्यासिका आणि पादचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था यांचा माणूस समितीत बसला, तर मत नसलेल्यांचे म्हणणे तिथे पोचेल.

विषय किरकोळ नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून सुरक्षित चालण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जगात वेगाचा प्रश्न याहून थेट हाताळला जातो. जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. पेठेतल्या गल्ल्यांना ही मर्यादा लावण्यात कोणाचेही नुकसान नाही.

११ डिसेंबर २०२१ पासून महापालिका लक्ष्मी रस्त्याच्या एका भागावर पादचारी दिन साजरा करते. वर्षातून एक दिवस तिथली वाहने बंद होतात आणि माणसे रस्त्याच्या मधोमध चालतात. वाहतूक पोलीस, पथ विभाग, अतिक्रमण विभाग आणि पीएमपीएमएल त्या दिवशी एकत्र काम करतात. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. लक्ष्मी रस्त्यावर गाडीने येण्याची गरज त्यामुळे आणखी कमी झाली आहे. हा समन्वय वर्षभर ठेवायचा तर तो एका समितीच्या विषयपत्रिकेवर कायम असायला हवा, आणि ती जागा प्रभाग समितीचीच आहे. वाहतूक पोलिसांचा अधिकारी तिच्या दर सभेला निमंत्रित असावा आणि प्रत्येक सभेत क्षेत्रातल्या त्या महिन्याच्या अपघातांची यादी वाचली जावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

नागरिकांसाठी एक वाट २००६ पासून खुली आहे. नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकात प्रत्येकाला आपल्या प्रभागातले ५ लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवता येते. पदपथ, दिवे, बसथांबा, सिग्नल अशी कामे त्यात बसतात. सूचना क्षेत्रीय कार्यालयातून जातात आणि अंदाजपत्रक तयार होण्याच्या काही महिने आधी मागवल्या जातात. अर्जात ‘रस्ता सुधारा’ एवढेच लिहिलेली सूचना बाजूला पडते. चौकाचे नाव, दोन ठळक खुणा, धोका कोणत्या वेळी आणि कोणाला आहे, नेमके कोणते काम हवे, हे लिहून सोबत छायाचित्र जोडावे आणि अर्जाची पोच घ्यावी. त्याच अर्जाची एक प्रत प्रभाग समितीच्या अध्यक्षांना आणि एक वाहतूक विभागाला द्यावी, म्हणजे महापालिकेचे काम पोलिसांच्या परवानगीअभावी अडून राहणार नाही.